पाचव्या चित्राखालची ओळ

“आय एम जी शून्य चार एक सात डॉट जे पी जी,” मंजिरी रेणापूरकर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. “वा! काय बारव आहे हो लोमटे. डोळ्यांसमोर उभी राहिली.”

बोधनकर सर चहात बिस्किट बुडवत होते, ते हसण्याच्या नादात कपातच राहिलं. मला मात्र हसू आलं नाही. दोन दिवस खपून मी ती स्क्रिप्ट लिहिली होती आणि मंडळात माझा तो जेमतेम दुसरा आठवडा होता.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, परभणीची. बोधनकर सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. जिल्ह्यातल्या बारवा, म्हणजे पायऱ्या असलेल्या जुन्या दगडी विहिरी, नोंदवून ठेवायचा नाद त्यांना होता. त्या नादाला त्यांनी मंडळ असं नाव दिलं होतं. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक खोली, दोन जुने संगणक, सरांची कण्हत चालणारी व्हॅन आणि बासष्ट बारवांच्या बासष्ट नोंदी. या नोंदींवर शेवटचा हात मंजिरी फिरवायची. सहाव्या वर्षी तापात तिची नजर गेली होती. संगणकावरची अक्षरं एक यंत्राचा आवाज तिच्या कानात वाचायचा. त्या आवाजाला ती ‘मास्तर’ म्हणायची, कारण तो चुकीचं शुद्धलेखनही तितक्याच आत्मविश्वासाने वाचायचा. मास्तरांना सजावट चालत नसे. म्हणून मंडळाच्या सगळ्या नोंदी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणाऱ्या साध्या एडिटरमध्ये लिहिलेल्या असत. ना ठळक अक्षर, ना रंग, ना चित्र. नोंद ऐकून पसंत पडली की मंजिरी शेवटी एक ओळ टाकायची : “ऐकलं. बरोबर आहे. – मं.” ती ओळ आल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही, हा मंडळाचा एकमेव कायदा होता.

आता चित्रांची गरज का पडली, तर वरुडखेडमुळे. वरुडखेडच्या ग्रामपंचायतीने गावातली बारव मुरूम टाकून बुजवायची आणि त्या जागी एसटीची शेड बांधायची असं ठरवत आणलं होतं. येत्या रविवारी ग्रामसभा होती. सभेत हात वर झाले की सोमवारी टिप्पर येणार होते. सरांनी खटपट करून सभेत अर्धा तास मागून घेतला होता.

“लोकांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटत नाही,” सर मला म्हणाले होते. “तू संगणकाचा माणूस. आपल्या नोंदीत फोटो घाल. पण नोंद साधीच राहिली पाहिजे, नाहीतर मंजिरी आपल्याला दोघांनाही घरी बसवील.”

म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. नोंद लिहिताना मी एक कळ दाबायची; संगणकाने कॅमेऱ्यातला पुढचा फोटो उचलायचा, मंडळाच्या खात्यात ठेवायचा आणि नोंदीत त्या जागी फोटोच्या नावाची एक ओळ घालायची. नंतर नोंद वाचताना त्या ओळीवर आलं की प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र दाखवायचं. मी खूश होतो. फक्त ते नाव मंजिरीच्या कानात कसं वाजेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“लोमटे, तुमच्या भिंतीवर चित्र दिसणार,” ती म्हणाली. “माझ्या कानात काय दिसणार?”

“फोटोचं नाव बदलतो मी. ‘बारव एक’, ‘बारव दोन’…”

“म्हणजे आकडे गेले आणि आडनाव आलं. मला फोटोत काय आहे ते सांगा. नाहीतर फोटो नको.”

सरांनी कपातून बिस्किटाचा लगदा चमच्याने काढत मान डोलावली. कायदा म्हणजे कायदा.

मी स्क्रिप्ट बदलली. आता कळ दाबली की फोटो पडद्यावर उघडायचा आणि खाली प्रश्न यायचा : “काय दिसतंय?” लिहिलेलं वर्णन फोटोच्या नावाखाली जाऊन बसायचं. भिंतीवर फक्त चित्र, मंजिरीच्या कानात फक्त ओळ. चाचणीसाठी घेतलेल्या एका जुन्या फोटोखाली मी लिहिलं, “बारव. पायऱ्या.”

“पायऱ्या किती? कशा? कोणी झिजवल्यात?” मंजिरीने तिथल्या तिथे परत पाठवलं. “दहा शब्दांच्या आत लिहिलं तर फोटो आत घ्यायचाच नाही, असं सांगून ठेवा तुमच्या त्या चिठ्ठीला.”

मी तेही केलं. मग माझ्यातला कॉलेजातला टवाळ जागा झाला आणि मी पुढच्या फोटोखाली लिहिलं, “पायरी पायरी पायरी पायरी पायरी पायरी पायरी पायरी पायरी पायरी.” मोजून दहा.

दुपारी मंजिरीने इअरफोन काढून आवाज मोठा केला. मास्तरांनी कुठेही न अडखळता दहा वेळा पायरी म्हटलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून विचारलं, “कुणी पडलं का हो जिन्यावरून?”

“नाही,” मंजिरी म्हणाली. “अजून नाही. पण गुरुवारी आपण वरुडखेडला जातोय. हे गृहस्थ पडतील तिथे.”

तिची जीभ काळी असावी.

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो. बारव गावाच्या तोंडाशीच होती. वरून पाहिलं तर बारव कसली, उकिरडा. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटका माठ, वेड्या बाभळीची झुडपं आणि तळाशी हिरवंगार पाणी. सरपंच मुंजाभाऊ गरुड आम्हाला भेटायला काठावर आले होते. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, बोलायला मोकळा माणूस.

“सर, तुमचा मान हाय. पण हे बघा,” ते म्हणाले. “मागल्या साली हितं वासरू पडलं. उद्या लेकरू पडलं तर लोक मलाच धरतेत. आन् पावसात म्हातारीकोतारी एसटीसाठी उघड्यावर उभी ऱ्हायलेत. दगडं बघू का माणसं बघू मी?”

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. सरांनाही थोडं पटलं असावं, कारण त्यांनी खाली बघून चष्मा पुसायला घेतला.

“आत कुणी उतरतं का हो?” मंजिरीने विचारलं.

“छ्या! धा वर्षांत कुत्रंबी उतरलं न्हाई.”

मंजिरीने चपला काढून हातात घेतल्या आणि काठीने अंदाज घेत उतरायला सुरुवात केली. मी पुढे झालो तर म्हणाली, “तुम्ही फोटो काढा. मला पायांनी मोजायचंय.” प्रत्येक पायरीवर ती थांबायची, तळवा मागेपुढे फिरवायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. “सहावी. मधोमध खड्डा पडलाय. घागर टेकवायची जागा असणार.” मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि मला फक्त पायरी दिसत होती.

नवव्या पायरीवर ती बसली आणि तिने एक टाळी वाजवली. समोरच्या भिंतीवरून टाळी परत आली. “समोर कमान आहे,” ती म्हणाली. “आणि कमानीच्या आत पोकळी आहे.”

मी समोरच्या भिंतीकडे कॅमेरा रोखून एक पाऊल मागे घेतलं. तिथे शेवाळ होतं. माझे दोन्ही पाय पुढे गेले आणि मी जो बसलो तो थेट पाण्याच्या काठच्या चिखलात. थप्प असा आवाज झाला. बारवेने तोही परत केला.

मग मंजिरी हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून, मोकळी हसली. तिच्या हसण्याने ती सगळी दगडी विहीर भरून गेली. वरून सरांनी घाबरून विचारलं, “काय झालं रे?” तर तिला उत्तर देता येईना.

कॅमेरा माझ्या हातात वरच होता, तेवढं भान मी ठेवलं होतं. चिखलात बसल्याबसल्याच मागे वळून मी एक फोटो काढला. का काढला, ते तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कॅमेरा चालू आहे का ते पाहिलं. मग उठून, पँट झटकून, कमानीतल्या कोनाड्याचा एक फोटो काढला आणि वर आलो. मुंजाभाऊंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं.

“म्हणूनच बुजवायलोत,” ते म्हणाले.

शुक्रवारी मंजिरी बहिणीकडे सेलूला गेली. ती थेट रविवारी सकाळी येणार होती. शनिवारी दुपारी मी एकटाच खोलीत बसून नोंद लिहीत होतो. मजकूर सरांनी आणि मंजिरीने सांगितलेला तयार होता. मला चित्रं घालायची होती. कळ दाबायची, फोटो उघडायचा, ‘काय दिसतंय?’ला उत्तर द्यायचं. पहिल्या चार चित्रांना मी तासभर घेतला. आता टवाळी करावीशी वाटत नव्हती. सहाव्या पायरीचा खड्डा खरंच होता. फोटो मोठा करून पाहिल्यावर त्याच्या कडेला घासून गुळगुळीत झालेली पट्टीही दिसली. मी तेही लिहिलं. कानात ऐकणारं माणूस कोण आहे ते माहीत असलं की लिहिताना हात आपोआप जपून चालतो.

पाचव्यांदा कळ दाबली आणि पडद्यावर मंजिरी आली.

खाली प्रश्न होता : काय दिसतंय?

नको असलेला फोटो टाळायचा तर नुसतं एंटर दाबायचं, इतकं सोपं होतं. मी दाबलं नाही. खोलीत कुणी नव्हतं. मी म्हटलं, गंमत म्हणून लिहू, मग खोडू. आणि लिहिलं :

“मंजिरी नवव्या पायरीवर बसली आहे. चपला मांडीवर. ऊन डाव्या गालावर. कुणीतरी चिखलात पडलं म्हणून ती हसते आहे, आणि असं हसणारं माणूस मी याआधी पाहिलेलं नाही. हा फोटो नोंदीत चालणार नाही. पण पुसवत नाही.”

लिहून झाल्यावर मी तसाच बसून राहिलो. मग सवयीने पुन्हा कळ दाबली गेली आणि सहावा फोटो आला. कोनाड्याचा.

घाईत काढलेला, किंचित हललेला फोटो. वर्णन करायला काही नाही असं वाटलं. दहा शब्द भरायचे म्हणून मी तो मोठा केला. कोनाड्यात सात लहान दगड ओळीने मांडलेले होते, शेंदूर लावलेले. म्हणजे साती आसरा. पाण्यातल्या या सात देवता आमच्याकडे जुन्या विहिरींवर असायच्याच, त्यात नवल नव्हतं. पण कोनाड्याच्या छतावर काजळी होती. काळीभोर, ताजी. एक पणती होती आणि पणतीत अर्धवट जळलेली वात. तिच्यापाशी झेंडूचं फूल होतं. मी आणखी मोठं केलं. फूल पिवळं होतं. सुकलेलं नव्हतं.

दहा वर्षांत कुत्रंही उतरलं नाही म्हणे!

मी ओरडलोच. सर बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते, ते धावत आले. दोघांनी पडद्याला नाक लावून ते फूल पाहिलं. सरांनी माझी पाठ थोपटली, झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवलं, सगळ्यांना चहा सांगितला. त्या गडबडीत मी कोनाड्याचं वर्णन लिहिलं, नोंद जतन केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणक बंद केला.

पाचव्या चित्राखालची ओळ खोडायची राहिली. रात्री नाही, रविवारी सकाळी नाही, व्हॅनमध्ये नाही, मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. मी फुलाच्याच धुंदीत होतो.

व्हॅनमध्ये मंजिरीला फुलाची हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे कुणीतरी येतं. आणि कुणालाच कळू देत नाही.”

“नोंद ऐकून घेता का एकदा?” मी विचारलं.

“या रस्त्यावर मास्तरांचीही बोबडी वळेल. तिथेच ऐकेन. ऐकत ऐकत बोलायची सवय आहे मला.”

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला. पुढे सतरंजीवर बाया, मागे बाकांवर पुरुष, दारात टेकून तरुण पोरं. मुंजाभाऊंनी प्रास्ताविक केलं, शेडचा नकाशा दाखवला, वासराची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मग आमची वेळ आली. मंजिरी आपल्या लॅपटॉपसमोर बसली, एका कानात इअरफोन घातला आणि बाणाच्या कळीवर बोट ठेवलं. कळ तिच्या हातात होती. मी प्रोजेक्टरशेजारी उभा होतो, फोकस धरून.

पहिलं चित्र. भिंतीवर उकिरडा उमटला. मागून कुणीतरी म्हणालं, “हे तर रोज बघतोच की!” हशा झाला. दुसऱ्या, तिसऱ्या चित्रालाही तेच. मंजिरी बारवेचं वय सांगत होती, कमानीची घडण सांगत होती. लोक ऐकत होते, पण डोळ्यांसमोर प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. मला दिसत होतं की फोटो आमच्याविरुद्ध साक्ष देतायत. सरांनी पुन्हा चष्मा पुसायला काढला. पोरं कुजबुजत होती. हातातून निसटत चाललं होतं सगळं.

चौथं चित्र, सहावी पायरी. “इथे खड्डा आहे,” मंजिरी म्हणाली. “घागरी टेकवून टेकवून पडलेला. तुमच्यापैकी कुणाच्या सासूची घागर असेल, कुणाच्या आजेसासूची असेल.” सतरंजीवरच्या दोन-चार बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढंच.

तिने कळ दाबली.

भिंतीवर मंजिरी आली. दहा फूट उंच, मान मागे टाकून हसणारी.

दारातल्या पोरांतून एक शिट्टी आली आणि बायांमध्ये खुसखुस पसरली. मला वायर उपटता आली असती. ते सुचलं नाही. कारण मी भिंतीकडे बघत नव्हतो, मंजिरीकडे बघत होतो. त्या सबंध वर्गात ते चित्र न दिसणारी ती एकटी होती. आणि चित्राखालची ओळ ऐकू येणारीही ती एकटीच होती. मास्तर तिच्या कानात वाचत होते, सावकाश, एकाच सुरात, कसलीही लाजलज्जा न बाळगता. तिचं बोट कळीवर थांबलं होतं. ‘पुसवत नाही’पर्यंत मास्तर पोचले असतील तेव्हा तिच्या कानाची पाळी लाल झाली. मला ते प्रोजेक्टरच्या उजेडात स्पष्ट दिसलं.

मग तिने घसा साफ केला.

“हा फोटो मोजमापासाठी आहे,” ती वर्गाला म्हणाली. “पायरीची उंची कळावी म्हणून तिच्यावर माणूस बसवतात. नऊ नंबरची पायरी. बसणाऱ्या माणसाची उंची पाच फूट दोन इंच. पुढे जाऊ.”

पुढे गेली. शिट्टी मारणाऱ्या पोराला मागून कुणीतरी टपली मारली. मी श्वास सोडला, पण अर्धाच.

सहावं चित्र. कोनाडा.

“इथे साती आसरा आहेत,” मंजिरी म्हणाली. “वर काजळी आहे. पणतीत वात आहे. आणि झेंडूचं फूल आहे, ताजं. सरपंच म्हणाले की दहा वर्षांत तिथे कुणी उतरलं नाही. मग मला एवढंच विचारायचंय, की दिवा कोण लावतं?”

मुंजाभाऊ उठून भिंतीजवळ गेले, फुलाकडे वाकून पाहिलं आणि वळून सभेकडे बघत म्हणाले, “खरंच की. कोण लावायलंय? सांगा की. कुणी रागवत न्हाई.”

सतरंजीवर दुसऱ्या ओळीत एक बाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, आवाज मात्र खणखणीत.

“म्या लावते,” ती म्हणाली.

मुंजाभाऊंच्या खिशातली दोन्ही पेनं हलली. “तू?”

शेजारी बसलेल्या मास्तरांनी, म्हणजे शाळेच्या खऱ्या मास्तरांनी, मला हळूच सांगितलं, “कौसाबाई. सरपंचांच्या मंडळी.”

“दर अमावस्येला जाते,” कौसाबाई म्हणाल्या. “पायरी पायरी धरून. ह्या बुधवारी बी गेलते. ह्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर बोलले असते, येडी हायस का.”

“पर काहून गं?” मुंजाभाऊंचा आवाज एकदम घरातला झाला. “आपल्या घरात काय कमी हाय?”

“कमी न्हाई, तेच्यामुळंच. पहिल्यांदा तुमी इलेक्शनला उभे ऱ्हायले तवा म्या माहेरी होते, बाळंतपणाला. नवस बोलायचा ऱ्हायला. पंधरा मतांनी पडले का न्हाई?”

“पडलो,” मुंजाभाऊ कबूल झाले.

“मंग पुढच्या खेपेला म्या आसरांपुढं बोलले. आले निवडून. तेच्या पुढच्याला बी बोलले. आले. औंदा तर बिनविरोध आले.” कौसाबाईंनी पदर सावरला. “आता तुमी म्हणतेत, माझ्या कामावर आलो. असंल. म्या न्हाई म्हणत न्हाई. पर बुजवायच्या आधी एवढं बघा, की पुढल्या खेपेला बी उभं ऱ्हायचंय.”

आधी बाया हसल्या, मग बाकांवरचे पुरुष, मग सगळा वर्ग. विरोधी पार्टीचे एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले, “आरं तवाच! आमी उगंच मतं मोजत बसलो. आधी माहीत असतं तर आमीच बुजवली असती की!” त्यावर तर पोती लावलेल्या खिडक्या थरथरल्या.

मुंजाभाऊ भिंतीवरच्या कोनाड्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, हा माणूस आता चिडणार. चारचौघांत बायकोने त्यांची सगळी कर्तबगारी सात दगडांच्या नावावर करून टाकली होती. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. “एकलीच उतरायलीस व्हय तिथं? शेवाळावर?” ते बायकोला म्हणाले. “पडली असतीस म्हंजे?”

कौसाबाई खाली बसल्या.

हात वर करायची वेळच आली नाही. शेड शाळेच्या कुंपणाला लागून बांधायची आणि बारवेला कठडा करायचा, असं पंधरा मिनिटांत ठरलं. कठड्याला आत जायला एक फाटक ठेवायचं, ही सूचना खुद्द सरपंचांची. बोधनकर सरांनी चष्मा घातला आणि बराच वेळ नाक ओढलं. मग सरपंचांच्या घरी पिठलं-भाकरी झाली. कौसाबाईंनी मंजिरीला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. मी पिठल्यात मान घालून जेवलो.

परतीच्या वाटेवर सर पुढे गाडी हाकत गात होते. त्यांचं गाणं आणि व्हॅनचं कण्हणं एकाच पट्टीत होतं. मी आणि मंजिरी मागे. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला होता, कानात इअरफोन, आणि या खडखडाटातही ती काहीतरी टंकत होती. दहा किलोमीटर झाले तरी ती त्या ओळीबद्दल अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, मंडळातले माझे दिवस भरले. आणि खरं सांगतो, मंडळाचं मला तितकंसं वाटत नव्हतं. ती पुन्हा माझ्यादेखत हसणार नाही, याचं वाटत होतं.

शेवटी मीच म्हणालो, “मॅडम, ते… ते खोडायचं राहिलं. गंमत म्हणून…”

“लोमटे,” ती म्हणाली, “नोंदीत गंमत चालत नाही. चुकीचं असेल तर खोडा. सोमवारी बघून घ्या.” आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवून लॅपटॉप मिटला.

सोमवारी मी उजाडताच खोलीवर गेलो. झेरॉक्सवाल्यानेही अजून शटर उघडलं नव्हतं. पेनड्राइव्हवरची नोंद उघडली. खोडायचंच या तयारीने कर्सर पाचव्या चित्रावर नेला. माझी ओळ तिथे होती, जशीच्या तशी. आणि तिच्याखाली, नोंदीच्या शेवटी नाही, तिथेच, त्या एका चित्रापुरती, नवी ओळ होती :

“ऐकलं. बरोबर आहे. फक्त ऊन उजव्या गालावर होतं. मला लागत होतं. समोरून बघणाऱ्याला आपला डावा तो दुसऱ्याचा डावा वाटतो. – मं.”

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. मग ‘डाव्या’ खोडून ‘उजव्या’ लिहिलं. बाकी काही खोडलं नाही.

बासष्टच्या आता दोनशे अकरा नोंदी झाल्यात. दर अमावस्येला वरुडखेडहून मुंजाभाऊंचा फोन येतो, की ते आणि कौसाबाई दोघं उतरले होते, दिवा लावला. स्क्रिप्ट अजून तीच आहे. कळ दाबली की अजून तोच प्रश्न विचारते. आणि मंजिरी मला आता लोमटे म्हणत नाही. म्हणजे, भाजीत मीठ विसरलो तरच म्हणते.